अनेक शाखांच्या खासगी शाळेचा इतिहास लिहायचा असेल तर

एका इमारतीत सुरू झालेली आणि पुढे तीन-चार ठिकाणी विस्तारलेली खासगी शाळा आपला इतिहास लिहायला घेते, तेव्हा पहिला वाद बहुधा स्थापनेच्या तारखेवरूनच होतो. संस्थेची नोंदणी, पहिल्या वर्गाची सुरुवात आणि आजचे नाव धारण करणे या तीन तारखा क्वचितच एक असतात. पुण्याचे न्यू इंग्लिश स्कूल १८८० मध्ये सुरू झाले, तर ते चालवणारी डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ मध्ये स्थापन झाली. म्हणजे येथे लेकरू आईपेक्षा चार वर्षांनी मोठे आहे. ऑस्ट्रेलियातील जिलाँग ग्रामर स्कूल १८५५ मध्ये सुरू झाले, आर्थिक अडचणीमुळे १८६० मध्ये बंद पडले आणि १८६३ मध्ये पुन्हा उघडले. म्हणून कोणती तारीख स्थापनेची मानली आणि का, हे पहिल्याच प्रकरणात लिहावे आणि शाळा बंद असल्याचा काळ असल्यास तोही सांगावा. तो गाळला की पुढच्या आकड्यांचा मेळ बसत नाही.

त्यानंतर कागद गोळा करावेत. व्यवस्थापन समितीची इतिवृत्ते, लेखापरीक्षकांचे अहवाल, जागेची खरेदीखते व भाडेकरार, इमारतींचे मंजूर नकाशे आणि प्रत्येक शाखेचे जनरल रजिस्टर (प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांची नोंदवही) एवढे मिळाले तरी निम्मे काम झाले. स्मरणिका आणि गौरवग्रंथ शेवटी वाचावेत, कारण ते आधी वाचले की त्यांतली वाक्ये आपल्या लिखाणात नकळत उतरतात. या सगळ्यांत मला जनरल रजिस्टर सर्वांत बोलके वाटते. एका शाळेच्या कामात, ‘नव्याने उभारलेली’ म्हणून मिरवल्या जाणाऱ्या शाखेचे पहिले रजिस्टर उघडले, तेव्हा सलग दोन पाने ‘पूर्वीची शाळा’ या रकान्यात एकच नाव होते. पहिल्या ओळीत ते पूर्ण लिहिलेले आणि खाली शेवटपर्यंत नुसते ‘सदर’. शाखा उभारलेली नव्हती, दुसऱ्याची चालू शाळा विद्यार्थ्यांसकट घेतलेली होती. समितीच्या इतिवृत्तात त्याविषयी जेमतेम दीड ओळ होती.

याच कारणाने ‘शाळेचा विस्तार झाला’ हे वाक्य मसुद्यात दिसले की थांबावे आणि ती विशिष्ट शाखा नेमकी कशी आली ते शोधावे. जिलाँगच्या शाळेत बहुतेक सगळे प्रकार सापडतात. मुख्य शाळा १९१४ मध्ये शहरातून कोरिओ येथे हलली. हे स्थलांतर होते. मेलबर्नच्या टुराक उपनगरातील ग्लॅमॉर्गन ही शाळा १९४७ मध्ये विकत घेतली गेली. १९५३ मध्ये मुख्याध्यापक जेम्स डार्लिंग यांच्या पुढाकाराने डोंगराळ भागात टिंबरटॉप ही निवासी शाखा सुरू झाली आणि तिच्यामागे मुलांना निसर्गात स्वावलंबी बनवण्याचा विचार होता. १९७६ मध्ये द हर्मिटेज आणि क्लाइड या मुलींच्या दोन शाळा जिलाँगच्या शाळेत विलीन झाल्या. स्थलांतराचा माग जमिनीच्या व्यवहारांत लागतो, खरेदीचा ताळेबंदात आणि नव्या कल्पनेचा मुख्याध्यापकांच्या पत्रव्यवहारात. विलीनीकरणाच्या बाबतीत मात्र समोरच्या शाळेचे दप्तर पाहिल्याशिवाय लिहूच नये, कारण सामावून घेणारा आणि सामावला जाणारा या दोघांच्या आठवणी सहसा जुळत नाहीत.

नाव वापरण्याचा परवाना देऊन वाढणे हा आणखी एक प्रकार आहे. एडवर्ड ॲलन या नटाने १६१९ मध्ये स्थापन केलेल्या लंडनच्या डलिच कॉलेजच्या नावाची शाळा २००३ मध्ये शांघायमध्ये निघाली. तिचे संचालन मूळ शाळा नव्हे तर करारान्वये वेगळी कंपनी करते. अशा शाखांना मूळ शाळेच्या इतिहासात किती जागा द्यावी हे करार वाचूनच ठरवावे. मुख्याध्यापक कोण नेमतो आणि शुल्क कोणाच्या खात्यात जाते, हे दोन प्रश्न त्यासाठी पुरेसे असतात.

शुल्क आणि देणग्यांवर चालणाऱ्या शाळेत पैशाचा धागा सोडून चालत नाही. एका तक्त्यात वर्षवार पटसंख्या, शुल्क, कर्ज आणि शाखांची संख्या शेजारी-शेजारी मांडावी. पट वाढल्यावर शाखा काढली की शाखा काढून पट वाढवावा लागला, हे त्या तक्त्यावरून ध्यानात येते आणि कित्येकदा मुलाखतींतील कथन त्याच्याशी विसंगत निघते.

मुलाखती घेताना वर्षे विचारू नयेत, वस्तू आणि जागा विचाराव्यात. घंटा कुठे टांगलेली होती, पाण्याची टाकी कोणत्या बाजूला होती, दुसऱ्या शाखेत बाके कशातून आणली, असे विचारले की निवृत्त शिपाई किंवा लिपिक भरभरून बोलतात आणि ती माहिती नकाशाशी ताडून पाहता येते. केवळ माजी मुख्याध्यापकांना विचारले तर त्यांच्या कारकिर्दीतच सर्व घडले असे वाटू लागते.

मांडणी शाखावार न करता कालखंडानुसार करावी. शाखावार प्रकरणे केली की एकाच वर्षीचा आर्थिक पेच चार ठिकाणी तुटक येतो. बंद झालेल्या शाखेलाही तिच्या काळात तिची जागा द्यावी. छपाईपूर्वी प्रत्येक शाखेचा मजकूर तेथील लिपिकाकडून तपासून घ्यावा आणि दोन शाखांच्या नोंदींत फरक आढळल्यास दोन्ही नोंदी आधारासह छापाव्यात.