भूकंपाच्या चरात काम करताय? या चुका टाळा

जुन्या भूकंपांचा माग काढण्यासाठी फॉल्टला, म्हणजे जिच्या दोन्ही बाजू सरकल्या आहेत अशा जमिनीतल्या भेगेला, आडवा चर खोदतात आणि भिंतीतले थर वाचतात. इंटर्नकडे बहुधा भिंत खुरप्याने साफ करणं, सुतळीची जाळी बांधणं आणि नोंदी काढणं ही कामं येतात. पुढचा सगळा निष्कर्ष याच नोंदींवर उभा राहतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे थर ओळखण्याआधीच फॉल्ट शोधायला लागणं. आपल्याकडच्या काळ्या मातीत ही चूक हमखास होते. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपानंतर किल्लारी परिसरात चर खोदले गेले. तिथे बेसॉल्टवर काळी माती आहे. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि खोलवर भेगाळते. फुगताना मातीचे गठ्ठे एकमेकांवर घासतात आणि त्यांवर तिरके, चकचकीत, रेघा उमटलेले पृष्ठभाग तयार होतात. ते थेट फॉल्टच्या घासलेल्या पृष्ठभागासारखे दिसतात. म्हणून चकाकीवर विश्वास ठेवू नका. त्या पृष्ठभागाची भिंतीत दिसणारी रेघ खालच्या मुरमात उतरते का? तिच्या दोन्ही बाजूंचा एकच थर वरखाली सरकलेला आहे का? समोरच्या भिंतीतही ती सापडते का? मातीच्या हालचालीने झालेले पृष्ठभाग बहुधा वाटीसारखे वळलेले, वेगवेगळ्या दिशांना तोंड केलेले असतात आणि मुरमाच्या वरच संपतात.

याच भेगा वयमापनातही फसवतात. वरची ताजी माती भेगेतून खाली पडते आणि खोलवरच्या नमुन्याचं वय कमी येतं. उलट, वय काढण्यासाठी घेतलेला कोळसा पाण्याबरोबर वाहत आलेला असेल तर तो थरापेक्षा बराच जुना असू शकतो. त्यामुळे एकाच तुकड्यावर भूकंपाची तारीख ठरवू नका. सरकलेल्या थरातून आणि त्यावर अखंड पसरलेल्या थरातून असे दोन्हीकडचे नमुने घ्या. भूकंप त्या दोन वयांच्या मधला. कोळसा स्वच्छ चिमट्याने उचला, बारीक मुळं काढा, कागदात किंवा कापसात गुंडाळू नका. प्रकाशाधारित वयमापनासाठी (वाळूवर शेवटचं ऊन कधी पडलं ते काढण्यासाठी) घेतलेल्या वाळूला ऊन लागलं तर तो नमुना वाया गेला.

खूण दिसली नाही म्हणून भूकंप झालाच नाही, असंही लिहू नका. २०१५चा नेपाळमधला ७.८ तीव्रतेचा भूकंप हिमालयाच्या पायथ्याशी जमिनीपर्यंत फाटत आलाच नाही. याउलट १९३४च्या बिहार-नेपाळ भूकंपाबद्दल अनेक दशकं तसंच मानलं जात होतं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात नेपाळमधल्या सीर खोला इथे त्याने जमीन फाडल्याचा पुरावा मांडला गेला.

सुरक्षेबाबत तडजोड नकोच. एक घनमीटर मातीचं वजन दीड टनाहून जास्त भरतं. दीड मीटरपेक्षा खोल चरात भिंतींना आधार नसेल आणि त्या पायऱ्यांसारख्या कापलेल्याही नसतील तर मार्गदर्शकांनी सांगितलं तरी उतरू नका. उपसलेली माती काठावर रचू देऊ नका. पाऊस पडून गेला असेल तर भिंत पुन्हा तपासल्याशिवाय आत जाऊ नका.

नोंदवहीत शंका असलेली सीमारेषा तुटक काढा आणि शेजारी कारण लिहा. फोटोत मोजपट्टी आणि जाळीचा क्रमांक हवाच. दोन्ही भिंतींचे फोटो जुळवून पाहिल्याशिवाय चर बुजवायला होकार देऊ नका.