अ‍ॅपवर ८५०, हातात किती? डिलिव्हरीवाल्यांसाठी हिशोबाची रीत

छत्रपती संभाजीनगर, नांदेड किंवा लातूरला डिलिव्हरीचं काम करणाऱ्याची गाडी स्वतःची, पेट्रोल स्वतःचं, मोबाइल आणि रिचार्जही स्वतःचा. वाळूजच्या कारखान्यात मशीन झिजली तर मालक बघतो. अ‍ॅपच्या धंद्यात ती झीज कामगाराच्या अंगावर येते, आणि अ‍ॅपवर दिसणाऱ्या कमाईत ती कुठेच धरलेली नसते. म्हणून आधी झीज मोजायला शिका.

लॉगिन करताना आणि रात्री घरी आल्यावर गाडीच्या मीटरचा फोटो काढा. बीड बायपासच्या सोसायटीत पार्सल देऊन निराला बाजारला रिकामं परत आलात, तर ते किलोमीटर अ‍ॅपच्या हिशोबात बहुधा नसतात. मीटरमध्ये मात्र असतात, म्हणून मीटरच खरं धरा. ॲव्हरेज काढायला टाकी फुल करा, आठवडाभर चालवा, परत फुल करा. मधले किलोमीटर भागिले पहिल्या फुलनंतर टाकीत भरलेलं एकूण पेट्रोल. कंपनीनं सांगितलेलं ॲव्हरेज गावातल्या सिग्नलला आणि खड्ड्यांना मिळत नाही.

आता एका किलोमीटरचा खर्च. पेट्रोल १०५ रुपये आणि ॲव्हरेज ४५ धरलं तर २ रुपये ३३ पैसे. ऑइल, टायर, चेन-स्प्रॉकेट, ब्रेक शू, सर्व्हिसिंग मिळून साधारण ६० पैसे. राहिली गाडीची घट: ९० हजारांची गाडी एक लाख किलोमीटर पळवून २५ हजारांना विकली, तर ६५ हजार गेले, म्हणजे किलोमीटरला ६५ पैसे. एकूण ३ रुपये ५८ पैसे. हे आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या गाडीचे घाला. दिवसाला ११० किलोमीटर झाले तर ३९४ रुपये गेले. अ‍ॅपवर दिवसाची कमाई ८५० दिसली, तर त्यातून उरले ४५६. त्याला लॉगिनच्या दहा तासांनी भागा, ऑर्डरची वाट बघत चौकात बसलेले तासही त्यात धरून. तासाला साडेपंचेचाळीस रुपये पडतात.

एक चूक इथे हमखास होते. गाडीची घट धरली असेल तर कर्जाचा अख्खा हप्ता परत खर्चात धरू नका, त्यातलं फक्त व्याज धरा. नाहीतर गाडीची किंमत दोनदा वजा होते.

पेट्रोलचे पैसे रोज खिशातून जाताना दिसतात. देखभाल आणि घट यांचा सव्वा रुपया दिसत नाही, आणि नेमका तोच माणसाला बुडवतो. पेआउट आला की त्या आठवड्याचे किलोमीटर गुणिले सव्वा रुपया, एवढी रक्कम त्याच दिवशी दुसऱ्या खात्यात टाका. २६ दिवस काम केलं तर महिन्याला साधारण साडेतीन हजार होतात. हे न केल्यास मागचा टायर गेला की उधारी सुरू होते.

कॅश ऑन डिलिव्हरीची रोकड कमाईत मिसळू नका. घरी पैसे लागले म्हणून त्यातून खर्च केला की भरणा अडतो, आयडी बंद होते आणि दुसऱ्या दिवसाची मजुरीही जाते. तिला खिसा वेगळा ठेवा.

इन्सेन्टिव्हच्या मागे जाण्याआधी उरलेल्या ऑर्डरी मोजा. समजा आणखी चार ऑर्डरी केल्या तर १५० बोनस आहे. चार ऑर्डरींचे १२०, धावणं २८ किलोमीटर, खर्च १००. बोनस मिळाला तर १७० उरतात, एक ऑर्डर कमी पडली तर जेमतेम पंधरा रुपये. रात्री उशिरा ऑर्डरी तुरळक झाल्यावर हा जुगार खेळू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

विम्याची पॉलिसी काढून वापराच्या मर्यादेचा मजकूर वाचा. खासगी गाडीच्या पॉलिसीत भाड्यानं किंवा मोबदल्यासाठी वापर बहुधा वगळलेला असतो, आणि क्लेम तिथेच अडतो. एजंटला डिलिव्हरीचा वापर लेखी कळवून उत्तरही लेखीच घ्या. अ‍ॅपचा अपघात विमा फक्त लॉगिन असताना चालतो की घरी परततानाही, हेही विचारा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचं अपघाती संरक्षण देते. १८ ते ७० वयाच्या बँक खातेदारानं ती घेतलीच पाहिजे. असंघटित कामगारांच्या सरकारी ई-श्रम पोर्टलवर नोंदणीही करून ठेवा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत अ‍ॅप कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के निधी गिग कामगारांसाठी, म्हणजे तुमच्यासारख्या अ‍ॅपवर काम करणाऱ्यांसाठी, द्यायची तरतूद आहे.

आता खरेदीची बाजू. दसरा-दिवाळीच्या सेलमध्ये ‘नो कॉस्ट’ म्हणजे बिनव्याजी म्हणवल्या जाणाऱ्या हप्त्यावर मोबाइल घेताना दुकानदाराला आधी रोखीचा भाव विचारा. रोखीत १६,५००, हप्त्यावर ३,००० चे सहा म्हणजे १८,०००, वर प्रोसेसिंग फी १९९ आणि त्यावर जीएसटी, मिळून २३५. फरक १,७३५ रुपयांचा झाला. प्रत्येक हप्त्यागणिक मुद्दल कमी होत जातं हे धरलं तर हे व्याज वर्षाला ३५ टक्क्यांच्या वर जातं. १ ऑक्टोबर २०२४ पासून कर्ज देणाऱ्यानं मुख्य तथ्य विवरण देणं रिझर्व्ह बँकेनं बंधनकारक केलं आहे. त्यात एपीआर नावाचा वार्षिक दर असतो. सही करण्याआधी तो कागद मागून घ्या.

पेआउट आठवड्याला आणि हप्ता महिन्याला, यामुळेच हप्ते बाउन्स होतात. मग बँक आणि फायनान्सवाला दोघेही दंड लावतात. दर आठवड्याला हप्त्याचा चौथा हिस्सा त्याच खात्यात बाजूला टाका.

शेवटी यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपेची यादी उघडा. मोफत महिना म्हणून सुरू झालेली मेंबरशिप तिथे सापडते. नको असेल ती तिथूनच रद्द करा. तुम्ही न निवडलेली देणगी किंवा विमा बिलात आपोआप आला, तर ती ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२३ च्या नियमांनुसार फसवी पद्धत ठरते. स्क्रीनशॉट घ्या आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.