गावातील जुन्या टॉकीजचे जतन कसे करावे : खान्देशातील कार्यकर्त्यांसाठी

खान्देशात जुन्या टॉकीजचा शेवट बहुधा तीनपैकी एका प्रकारे होतो. इमारत पाडून तिथे व्यापारी संकुल उभे राहते, किंवा खुर्च्या काढून तिचे मंगल कार्यालय अथवा गोदाम होते, नाहीतर वारसांची वाटणी मिटेपर्यंत ती कुलूपबंद पडून राहते आणि पत्र्यांतून पाणी आत उतरू लागते. जतन म्हणजे केवळ इमारत वाचवणे असा अर्थ घेतला, तर बहुतेक गावांत हाती काहीच लागणार नाही. म्हणून आधी नोंद, मग कागद आणि यंत्रे, आणि त्यानंतर इमारत, हा क्रम धरावा असे माझे ठाम मत आहे. पाडकामाची तारीख आपल्या हातात नसते. नोंद मात्र या महिन्यातही पुरी करता येते.

सुरुवात मालकांपासून करावी. त्यांच्याकडे वारसाप्रेमाचे व्याख्यान घेऊन जाऊ नये. 1982 नंतर रंगीत दूरदर्शन आणि व्हिडिओ आले, नव्वदच्या दशकात केबल घरोघर पोहोचली, पुढे मोठ्या शहरांत बहुपडदा चित्रपटगृहे झाली, रिळे जाऊन डिजिटल प्रक्षेपणाचा खर्च अंगावर आला आणि मार्च 2020 पासून चित्रपटगृहे कित्येक महिने बंद राहिली. या सगळ्यातून ज्या कुटुंबाने टॉकीज चालवली, त्याच्या आर्थिक अडचणी आपल्यापेक्षा त्यालाच जास्त कळतात. ‘आप्पा, आम्हाला इमारत मागायची नाही, तिची माहिती आणि फोटो करून ठेवायचे आहेत’ असे स्पष्ट सांगितले, तर दार बहुधा उघडते. परवानगी लेखी घ्यावी आणि तयार होणाऱ्या नोंदीची एक प्रत त्यांना देण्याचे त्यातच लिहून द्यावे. टॉकीज भागीदारीत असेल किंवा दुसऱ्याला चालवायला दिलेली असेल, तर मूळ मालक आणि चालक या दोघांचीही संमती लागते, हे विसरू नये.

आत शिरल्यावर छायाचित्रांना ठरावीक क्रम असावा. दर्शनी भिंत समोरून सरळ घ्यावी. तिच्यावर सिमेंटमध्ये उठावाची अक्षरे किंवा बांधकामाचे वर्ष असल्यास सकाळच्या तिरप्या उन्हात ते नीट उमटते. पुढे तिकीट खिडक्या, त्यांच्यावरील वर्गांची नावे आणि दर, बाल्कनीचा जिना, खुर्च्यांचे क्रमांक, पडदा आणि पडद्यामागचे ध्वनिवर्धक अशा ओघाने आत जावे. मोजमाप फितीने घेऊन साधा आराखडा काढावा. तो वास्तुविशारदाने काढलेला असण्याची गरज नाही. लांबी, रुंदी, पडद्याची उंची आणि दारांच्या जागा अचूक असल्या म्हणजे पुरे.

सर्वांत जास्त वेळ मात्र प्रक्षेपणाच्या केबिनला द्यावा, कारण टॉकीजचे सगळे तंत्र त्या एका खोलीत असते. जुन्या केबिनमध्ये दोन प्रोजेक्टर शेजारी शेजारी असतात आणि भिंतीत त्यांच्यासमोर लहान झरोके असतात. झरोक्यांवर लोखंडी झडपा लावलेल्या दिसतील. 1950 च्या आसपासपर्यंत चित्रपटाची फीत सेल्युलोज नायट्रेटची असे आणि ती क्षणात पेट घेई. आग लागताच झडपा खाली पडून ज्वाळा प्रेक्षागृहात जाऊ नयेत, अशी ही व्यवस्था होती. झडपेची साखळी, तिचा खटका आणि जाड भिंत यांचे जवळून फोटो घ्यावेत. प्रकाशासाठी कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये विजेची ज्योत पेटवली जाई; कांड्या जळत जातील तशा ऑपरेटरला त्या पुढे सरकवाव्या लागत. एका यंत्रावरचे रीळ संपत आले की चित्राच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका दिसे आणि त्या खुणेवर ऑपरेटर दुसरे यंत्र चालू करी. हे काम ज्यांनी हाताने केले, त्यांच्याकडून ते केबिनमध्येच उभे राहून करून दाखवायला सांगावे आणि त्याचे चित्रीकरण करावे. हातांच्या त्या हालचाली कोणत्याही कागदावर लिहिलेल्या सापडणार नाहीत.

यंत्र मात्र स्वतः चालू करून पाहू नये. जुनी वायरिंग धोक्याची असते, आणि नंतरच्या काळातील झेनॉन दिव्यात थंड असतानाही वायूचा मोठा दाब असतो. तो फुटला तर डोळ्यांना गंभीर इजा होऊ शकते. यंत्राला नवा रंग देऊ नये. त्यावरील कारखान्याची पट्टी आणि क्रमांक टिपून घ्यावेत, धूळ कोरड्या मऊ ब्रशने काढावी आणि वर सुती कापड टाकावे. भंगाराच्या भावाने विकण्याआधी निदान एक प्रोजेक्टर गावातच राहावा, यासाठी मालकांना आग्रहाने विनंती करावी.

कागदांत डीसीआर, म्हणजे रोजच्या वसुलीचा तक्ता, सर्वांत मोलाचा आहे. प्रत्येक खेळाला कोणत्या वर्गाची किती तिकिटे गेली, दर काय होता, करमणूक कर किती आणि वितरकाचा हिस्सा किती, हे त्यात एका ओळीत मिळते. हा कर 1 जुलै 2017 पासून वस्तू आणि सेवा करात विलीन झाला, त्यामुळे जुन्या करपद्धतीचा पुरावा म्हणूनही या वह्या जपाव्यात. कापूस विकून शेतकऱ्याच्या हातात पैसा येत असे त्या दिवसांत गर्दी वाढे का, अमळनेर, चाळीसगावसारख्या गिरणीच्या गावांत पगाराच्या आठवड्यात कोणते चित्रपट लागत, असे प्रश्न या तक्त्यांवरून सोडवता येतात. वह्या, तिकिटांची अर्धुके, जाहिरातीच्या काचेच्या स्लाइड्स आणि पोस्टर यांचे सावलीत, फ्लॅश न वापरता फोटो घ्यावेत. पोस्टरला चिकटपट्टी लावू नये आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नये, कारण ते पुन्हा काढता येत नाही.

डब्यात रिळे सापडली, तर आधी वास घ्यावा. व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल, तर ॲसिटेटची, म्हणजे नायट्रेटनंतर वापरात आलेली, फीत खराब होऊ लागली आहे. ती इतर रिळांपासून ताबडतोब वेगळी करावी. फीत चिकट झाली असेल किंवा तिची तपकिरी भुकटी होत असेल, तर ती नायट्रेटची असू शकते, म्हणून डबा उष्णता, ठिणगी आणि वस्ती यांपासून दूर ठेवावा. आपल्याकडे मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांवर जातो, त्यामुळे पत्र्याखालच्या खोलीत कोणतीही फीत ठेवणे योग्य नाही. पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 पासून चित्रपट जतनाचे काम करत आले आहे, आणि मुंबईत फिल्म हेरिटेज फाउंडेशन आहे. अशा ठिकाणी फोटोंसह लिहून पुढचे पाऊल विचारावे.

इमारतीचे वय ठरवताना ऐकीव माहितीवर थांबू नये. नगर भूमापन कार्यालयातील मिळकत पत्रिका, नगरपालिकेच्या मालमत्ता कर आकारणीच्या नोंदी आणि जिल्हाधिकारी कार्यालयातील चित्रपटगृह परवान्याची धारिका, ही तीन ठिकाणे पाहावीत. परवान्याच्या धारिकेत मंजूर नकाशा आणि आसनसंख्या मिळण्याची शक्यता असते. कागद सहज मिळाले नाहीत, तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. त्याचे उत्तर साधारणपणे 30 दिवसांत द्यावे लागते. जुन्या नोंदी शोधताना जिल्ह्यांचा इतिहास लक्षात ठेवावा. जळगावचे नाव पूर्वी पूर्व खानदेश आणि धुळ्याचे पश्चिम खानदेश होते, आणि नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळा झाला, म्हणून नंदुरबार-शहादा भागातल्या टॉकीजचे त्याआधीचे कागद धुळ्यात असू शकतात.

माणसांच्या मुलाखती त्यांच्या बोलीत घ्याव्यात. अमळनेर-धुळ्याकडे अहिराणी, तर यावल-रावेर-भुसावळकडे लेवा बोली चालते. डोअरकीपर, बुकिंग क्लार्क आणि गावभर पोस्टर लावणारा माणूस प्रमाण मराठीत अडखळत बोलेल, पण आपल्या बोलीत मोकळा होईल. स्त्रियांना अवश्य विचारावे, कारण कोणत्या खेळाला जायची परवानगी मिळे आणि बसायची जागा वेगळी होती का, हे मालकांच्या वहीत नसते.

इमारतीपुरते बोलायचे, तर पावसाळ्यापूर्वी पन्हाळी साफ करणे आणि गळके पत्रे बदलणे या दोन कामांनी तिचे आयुष्य जितके वाढते, तितके रंगरंगोटीने वाढत नाही. छप्पर ॲस्बेस्टॉसचे असेल, तर ते स्वतः फोडू किंवा कापू नये. काळ्या जमिनीवरच्या भिंतींना तडे जातात, कारण ती माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तड्यावर काचेची अरुंद पट्टी सिमेंटने बसवून तारीख लिहावी. पट्टी तुटली, तर भिंत अजून हलते आहे हे कळते आणि अभियंत्याला बोलावणे आवश्यक ठरते.

नवा वापर शोधताना सगळे किंवा काहीच नाही, अशी भूमिका घेऊ नये. पुढच्या भागात दुकाने, मागे लहान चित्रपटगृह किंवा अहिराणी कार्यक्रमांचा मंच, आणि दर्शनी भिंत व केबिन जशीच्या तशी, अशी तडजोड मालकाला परवडू शकते. वापर बदलण्याआधी नगररचना विभागाचे नियम आणि अग्निसुरक्षेची परवानगी तपासावी, आणि चित्रपट दाखवायचा असेल तर त्याच्या हक्कधारकाची संमती घ्यावी.

तयार नोंदीच्या निदान तीन प्रती कराव्यात. एक मालकांकडे, एक गावच्या सार्वजनिक वाचनालयात आणि एक धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ किंवा जळगावचे विद्यापीठ यांसारख्या संस्थेला विचारून तिथे द्यावी. प्रत्येक फोटोच्या नावात गाव, टॉकीज, जागा आणि तारीख असावी, आणि मुलाखत देणाऱ्याची संमती त्या मुलाखतीच्या फाइलसोबतच ठेवावी.