दार खडखडतंय? डॅम्पिंग शीट चिकटवण्याआधी या चुका टाळा

बेस वाढवला की दार खडखडतं, आणि गाडीवाला थेट डॅम्पिंग शीटचा रोल मागतो. पहिली चूक इथेच होते. शीट पत्र्याची थरथर मारते. सैल क्लिप, लोंबणारी वायर किंवा लॉकचा रॉड वाजत असेल तर तिचा काडीचाही उपयोग नाही.

आधी आवाजाची जागा शोधा. मोबाइलवरच्या टोन जनरेटर ॲपचा आवाज गाडीच्या स्पीकरवर लावा आणि ३० ते २०० हर्ट्झपर्यंत टोन हळूहळू वर न्या. खडखड सुरू झाली की तोच टोन चालू ठेवा आणि दुसऱ्याला दाराच्या पॅडवर (आतल्या प्लास्टिकच्या आवरणावर), हँडलवर, काचेवर एकेक करून तळहात दाबायला सांगा. हात ठेवताच आवाज थांबला, की चोर सापडला. व्हॉल्यूम मात्र बेताचाच ठेवा, सलग टोनने स्पीकरची कॉइल तापते.

पॅड उघडण्याआधी चार-सहा जादा क्लिपा आणून ठेवा. जुनी क्लिप निघताना बऱ्याचदा तुटते, आणि ती तशीच परत दाबली तर नवीन खडखड तयार! वायरला कापडी टेप गुंडाळा, रॉडला फोम.

शीट २ मिमीची, ॲल्युमिनियम फॉइलवाली ब्युटिल रबराचीच घ्या. स्वस्तातली डांबरी शीट मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत मऊ पडते, वास मारते, ओघळते. पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि शीट रोलरने इतकी दाबा की फॉइलवरची नक्षी सपाट होईल. नुसत्या हाताने दाबलेली शीट काही महिन्यांत सुटते. बाहेरच्या पत्र्याचा पाव ते एक तृतीयांश भाग झाकला तरी पुरतो: मधला सपाट भाग आणि स्पीकरच्या बरोबर मागची जागा. संपूर्ण दार मढवून वजन वाढतं, फायदा त्या मानाने नाही.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे दाराच्या तळाची पाणी जाण्याची भोकं बुजवणं. काचेवरून पाणी दारात उतरतंच, ती रचनाच तशी आहे. भोकं बंद झाली की पावसाळ्यात दारात डबकं साचतं आणि पत्रा आतून गंजतो. तळाची तीन बोटं जागा मोकळी सोडा. पाणी पिणारा स्पंजी फोमही दारात नको, पाणी न शोषणारा क्लोज्ड-सेलच हवा.

आतल्या पत्र्याची मोठी भोकं मात्र बंद करायची. नाहीतर स्पीकरच्या मागची लाट पुढच्या लाटेला मारते आणि बेस पातळ होतो. तिथे नुसती शीट ताणली तर तीच ढोलासारखी वाजते. शीटखाली १ मिमीचा ॲल्युमिनियमचा तुकडा स्क्रूने बसवा. त्याआधी काच पूर्ण वर-खाली करून बघा, तुकडा किंवा स्क्रू कुठे अडायला नको.

स्पीकरखालची एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाची) रिंग दमटपणाने फुगते, एबीएस प्लास्टिकची घ्या. सबवूफर (खास बेसचा वेगळा स्पीकर) असेल तर दारातल्या साडेसहा इंची स्पीकरला ८० हर्ट्झचा हाय-पास, म्हणजे त्याखालचा बेस अडवणारा फिल्टर, लावा. निम्मी खडखड बहुधा तिथेच थांबते.

डिकीतून आवाज येत असेल तर नंबर प्लेटही तपासा. एचएसआरपीचं (हाय सिक्युरिटी नंबर प्लेटचं) स्नॅप-लॉक उघडत नाही, म्हणून फोम टेपचे तुकडे कडेने मागे सरकवा.