नोटीस काळात उरलेली रजा कशी वापरावी

राजीनामा देऊन नोकरी सोडताना आधी नेमणूकपत्र आणि रजेचा हिशेब काढा. सोलापूरच्या नवी पेठेतलं दुकान असो वा ऑफिस, वीस किंवा जास्त कामगार असतील तर महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा लागतो: वर्षात २४० दिवस भरले की पुढल्या वर्षी दर २० दिवसांमागे एक भरपगारी रजा, साठा ४५ पर्यंत. किरकोळ रजा साठत नाही, ती आधी संपवा.

घोटाळा होतो तो तारखेत. साहेब तोंडी 'घ्या' म्हणतात, एचआर तेवढे दिवस नोटीस पुढे ढकलतं. म्हणून अर्जातच 'रजा नोटीस काळात धरावी, शेवटचा दिवस अमुक' असं लिहून ईमेलवर होकार घ्या. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला रजा हवी असेल, तर राजीनाम्यासोबतच मागा; नंतर अख्खं सोलापूर मागतं. नाकारली, तर उरलेल्या दिवसांचे पैसे अखेरच्या हिशेबात लेखी मागा.