महाबळेश्वरच्या विल्सन पॉइंटवर जोडीने सूर्योदय बघायचाय?

साताऱ्याहून मेढा-केळघर मार्गे निघणार असाल तर हाताशी दोन तास ठेवा. घाटात धुकं लागलं की वेग आपोआप निम्म्यावर येतो. जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो, मे महिन्यात सहाच्या सुमारास. पण खरे रंग त्याआधीची वीस-पंचवीस मिनिटं असतात. ती चुकली तर उरतो नुसता डोळ्यांवर येणारा उजेड. वर वारा सपाटून असतो. स्वेटरपेक्षा कानटोपी आणि वारा अडवणारं जाकीट कामाला येतं.

दोघांचा फोटो सूर्याकडे पाठ करून काढला की चेहरे काळे येतात, कारण फोन उजेड आभाळाचा मोजतो. स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट टेकवा, किंवा सरळ सूर्य बाजूला घेऊन उभे राहा. कणसाची पिशवी हातात धरून फिरू नका, माकडं तीच ओढतात.

तिथून लगेच केट्स पॉइंट गाठण्याची घाई नको; तोंड पूर्वेकडे असल्याने सकाळी समोरून ऊन आणि धूसर धोम जलाशय. आर्थर सीटला नऊनंतर जा. ऊन पाठीमागून येतं आणि सावित्रीच्या खोऱ्यातले कडे स्वच्छ दिसतात. पावसाळ्यात मात्र हा बेतच आखू नका.