जुन्या शिडाच्या बोटीची केबिन कमी खर्चात कशी सुधारायची

साताऱ्यात शिडाची बोट घेतली म्हटलं की लोकं आधी हसतात, मग विचारतात समुद्र कुठाय. आम्ही दोघा मित्रांनी मुंबईकडची एक २२ फुटी जुनी फायबरची बोट घेतली, ट्रेलरवर टाकून खंबाटकी चढवून आणली, आणि आता ती अंगणात आंब्याखाली उभी हाय. आत डोकावलं तर वास असा की पावसाळाभर पेटीत कोंबलेली ओली गोधडी. साधारण १४ हजारांत झोपण्यालायक केली, त्यातले ३ हजार चुकीत गेले, ते तुमचे जाऊ नयेत म्हणून लिहितोय.

चूक ही की मी रंग आधी आणला. रंग नंतर. आधी पाणी कुठनं येतंय ते शोधा. एकानं आत बॅटरी घेऊन बसायचं, खिडक्यांच्या कडेला आतनं वर्तमानपत्र चिकटवायचं, दुसऱ्यानं बाहेरनं पाईप लावायचा, पण खालून सुरू करून हळूहळू वर जायचं, एकदम वरनं सोडलं तर कुठनं झिरपलं कळतच नाय. आमच्याकडं खिडकी ठणठणीत निघाली आणि पाणी येत होतं डेकवरच्या एका कडीच्या स्क्रूमधनं, आतनं बघितलं तर गंजाचा तांबडा ओघळ थेट गादीपर्यंत. स्क्रू काढून भोक कोरडं केलं, पीयू सीलंट (पॉलीयुरेथेनचा, फटी बुजवायचा मसाला) भरलं आणि स्टेनलेसचा नवा स्क्रू मारला. सिलिकॉन नको, त्यावर नंतर रंग धरत नाय.

छताला जो फोमवाला रेक्झिन असतोय तो जुना झाला की मागचा फोम पिठासारखा होतो. ओढला की सगळा डोक्यावर. मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, उरलेला फोम ताराच्या ब्रशनं खरवडा. परत रेक्झिन लावायचा हट्ट मी सोडला, सरळ रंगच मारला, पुढं कधी गळालं तर लगेच दिसतं तरी.

रंगाआधी डिटर्जंटनं धुवा, बुरशी असेल तिथं व्हिनेगर लावून तासभर ठेवा आणि पुसा. मग वाळवून थिनरच्या फडक्यानं पुसायचं आणि त्यानंतरच १२० नंबरचा पॉलिश पेपर, उलटं केलं तर तेलकटपणा घासून आतच बसतो. थिनर आणि रंगाच्या वेळी दारं-खिडक्या उघड्या हव्यात, बंद केबिनमध्ये डोकं गरगरतंय, आणि त्या वेळी बिडी-सिगरेट तर अजिबात नको. प्रायमर, वर साधा पांढरा एनॅमल दोन हात, तोही सेमी-ग्लॉस, कारण चकचकीत रंगात प्रत्येक खड्डा दिसतो.

हे सगळं एप्रिल-मेमध्येच उरका. आमच्या उन्हात प्लायवूड दोन दिवसांत खडखडीत वाळतं, जूनमध्ये मात्र काही खरं नाय. कुजलेला प्लाय बदलायचा तर मरीन प्लायच घ्या, त्यावर आयएस ७१० हा भारतीय मानकाचा नंबर लिहिलेला असतो, आणि कापलेल्या कडा इपॉक्सीनं (दोन भाग मिसळून लावायच्या रेझिननं) बंद करा कारण पाणी पितात त्या कडाच.

गाद्या. गादीवाल्याकडं गेलो तर तो म्हणाला, "कापूस भरून देतो, आयुष्यभर जाईल." जाईल ओ, पण पाण्यावर कापूस ओल धरून ठेवतोय. ४० डेन्सिटीचा ४ इंची फोम घेतला. बोटीच्या नाकाकडची जागा त्रिकोणी, दोन्ही बाजू सारख्या पण नसतात, म्हणून पुठ्ठ्याचा साचा कापून दुकानात न्यायचा, माप तोंडी सांगाल तर फसाल. कव्हरला चेन लावून घ्या, धुवायला काढता येतं. आणि गादीखाली बाथरूममधली जाळीदार पीव्हीसी मॅट टाका, खालनं वारा फिरतो, ओल साचत नाय. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाची गोष्ट ही.

दिव्यांना १२ व्होल्टची एलईडी पट्टी पुरते, फक्त फ्यूज बॅटरीच्या जवळ टाका. चहासाठी गॅस ठेवणार असाल तर टाकी आत नको, गॅस हवेपेक्षा जड, गळला की बोटीच्या तळाशी साठून राहतो. आम्ही थर्मासवर भागवतो.

ताडपत्री टाकताना दोन्ही टोकं उघडी ठेवा आणि कप्प्यांची झाकणं पण. मी पहिल्यांदा गच्च बांधली होती, आठ दिवसांनी उघडली तर तीच गोधडी.